पाळणा हलवायचा कुणी?

2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास 17 लाख होती. 2011 मध्ये ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गातही तेच झालं. त्याच दहा वर्षांत देशात 18 कोटी माणसांची भर पडली, आणि कोकणातले हे दोन जिल्हे मात्र आक्रसले.

माझा मामा राजापूर तालुक्यात राहतो. आरोग्यसेवक म्हणून लागला, आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झाला. उभी हयात कुटुंब नियोजनाच्या केसेस मिळवण्यात गेली. मी लोकसंख्याशास्त्र शिकले आणि त्यातच काम करते. मामाचं म्हणणं असं की सरकारने पाळणे थांबवले, तर आता सरकारनेच ते हलवावेत. मला हे पटत नाही. हल्ली तर व्यासपीठांवरूनही तेच ऐकू येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये चंद्राबाबू नायडूंनी आंध्रच्या लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगितलं, त्याच वर्षी डिसेंबरात नागपुरात मोहन भागवतांनी दोन-तीन मुलांची गरज बोलून दाखवली. तेव्हा मामाशी चालणारा हा वाद घरापुरता राहिलेला नाही. त्याची बाजू त्याच्याच शब्दांत देते, कारण ती लेचीपेची नाही.

मामा : वाडीतली शाळा बघून आलीस ना? चार इयत्ता मिळून सात पोरं. मास्तर दोन. आम्ही शिकत होतो तेव्हा पहिलीत बसायला जागा पुरायची नाही, उशिरा येईल तो दारात बसायचा. ही शाळा पुढल्या वर्षी राहील की बंद होईल, मास्तरांनाही सांगता येत नाही.

मी : शाळा रिकामी झाली ती जन्म घटले म्हणून, की माणसं गेली म्हणून? 2011 ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. पुरुष जन्मलेच नव्हते असं नाही, ते नालासोपारा-विरारला होते. कोकण पिढ्यानपिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगलं. यात कुटुंब नियोजनाचा काय दोष?

मामा : अगं, मुंबईला माझे काकाही गेले. आजोबांना पाच मुलगे. तिघे गिरणीत लागले, दोघे शेतावर राहिले. घराला कुलूप लागलं नाही. आता घरटी दोन मुलं, आणि दोघंही जातात. जाणारे तेवढेच आहेत बाय, राहणारे संपले.

स्थलांतर आणि जननदर ही आमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं म्हणून शिकवतात. मामाने ती पाच मुलग्यांच्या हिशोबात जोडून दाखवली, आणि तो हिशोब बरोबर आहे. मोठं कुटुंब स्थलांतर पचवतं, लहान कुटुंब पचवू शकत नाही. मतभेद आहे तो यापुढच्या पायरीवर.

मी : आकडे आधी बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी 1992-93 ची. तेव्हा महाराष्ट्रात एका बाईला आयुष्यात सरासरी 2.9 मुलं होतील असं चित्र होतं. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, ते 1.7 वर आलं. देशाचं 2.0, बिहारचं 3.0, गोव्याचं 1.3. आईबापांची जागा घ्यायला 2.1 लागतात, दोन दोघांच्या बदल्यात आणि वरचा अंश अशासाठी, की मुली मुलग्यांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत.

मामा : आणि तरी देशाची लोकसंख्या वाढतेच आहे. हे लोकांना समजावताना आमच्या नाकी नऊ येतात.

मी : आधीच्या मोठ्या पिढ्या आत्ता आईबाप होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी आया जास्त आहेत. ही वाढ काही दशकं रेटत राहील आणि मग थांबेल. महाराष्ट्रात 2.1 हा टप्पा 2005-06 च्या फेरीतच आला होता. म्हणजे आज कॉलेजात जाणारी मुलं जन्मली तेव्हाच इथे 'लोकसंख्येचा विस्फोट' आटोपला होता, भाषणं मात्र तीच चालू राहिली.

मामा : आटोपला, तो आम्ही आटोपला. भारताने 1952 ला कार्यक्रम सुरू केला, जगात पहिला. त्याची खूण, लाल त्रिकोण, रंगवायला मी स्वतः भिंतींवर चढलोय. पावसाळा संपला की शिबिरं लागायची. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या, जिल्ह्याहून जीपने दुर्बिणीवाले डॉक्टर. टेबल दोन, एकीचं होईतो दुसरी तयार. ऑपरेशन झालेल्या बायकांना तिथेच ओळीने झोपवायचं. बाहेर म्हातारी तान्ह्याला घेऊन बसलेली, ते रडलं की आत पाठवायची, आई पडल्यापडल्या पाजायची. संध्याकाळी जीप त्यांना वाडीवाडीवर सोडायची. मार्च जवळ आला की आमची झोप उडायची. टार्गेट फक्त आम्हाला नसे. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना. केस कुणाच्या नावावर लावायची यावरून भांडणं व्हायची.

मी : मामा, त्या सतरंजीवर पुरुष किती असायचे?

मामा : 76 च्या आधी पुष्कळ. नंतर कुणी येईना.

हे 'नंतर' फार मोठं आहे. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यात 60 लाखांवर पुरुष होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पुढच्याच वर्षी नसबंद्या दहा लाखांच्या खाली आल्या. लोकांनी 1977 च्या निवडणुकीत सरकार पाडलं आणि पुरुषांनी या कार्यक्रमातून कायमचं अंग काढून घेतलं. सरकारने धडा घेतला तो एवढाच, की पुरुषांना हात लावायचा नाही. कार्यक्रम थांबला नाही. तो बायकांकडे वळला.

पाचव्या फेरीचे आकडे बघावेत. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी 49 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याची नसबंदी झालेल्या बायका अर्धा टक्काही नाहीत. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी, बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी सोपी आणि सुरक्षित. तरी ही तफावत. महाराष्ट्राचा 1.7 ज्याच्यावर उभा आहे ते हे आहे, आणि लोकसंख्येच्या यशाची भाषणं करणाऱ्यांनी ते पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

मामा : पुरुष तयारच होत नसत, त्याला मी काय करणार? ताकद जाते, झाडावर चढता येत नाही, काय काय समजुती. आणि बायकाच पुढे येऊन सांगायच्या, माझं करा, ह्यांचं नको, हे कमावते आहेत. भात लावणारी, गवत कापणारी, डोंगरातून लाकडं आणणारी बाई स्वतःला कमावती समजत नव्हती. मी तिथे टार्गेट पुरं करायला गेलेला माणूस. तिच्याशी वाद घालायला गेलो नव्हतो.

मी : पण मग ती मुलं कमी हवीत म्हणून आली, की तू नेलीस म्हणून?

मामा : दोन्ही. तिसऱ्या बाळंतपणानंतर माझा हात धरून रडलेल्या बायका आहेत. नवरा ऐकत नाही, सासू ऐकत नाही, भाऊ, तुम्ही काहीतरी करा. त्यांना मी देव वाटलो. आणि ज्यांना नको होतं त्यांनाही मी नेलं, हेही खरं.

यावर आमच्यात खरा वाद होतो. मामाला वाटतं, घट त्याच्या खात्याने घडवली. माझ्या मते खात्याने साधन पुरवलं, इच्छा आधीच रुजत होती. केरळ आणि तामिळनाडू 2.1 खाली उत्तरेच्या कितीतरी आधी गेले, आणि आणीबाणीची सगळ्यात कडक सक्ती तर उत्तरेत झाली होती. फरक पडला तो मुली शाळेत गेल्याने, लग्नाचं वय वाढल्याने आणि जन्मलेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागल्याने. ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉल्डवेल यांनी 1970 च्या दशकात याची मांडणी केली. पूर्वी मुलांचे श्रम आणि कमाई आईबापांकडे येत; शाळा आल्यावर पैसा उलटा, आईबापांकडून मुलांकडे वाहू लागला, आणि कुटुंबं आपणहून लहान झाली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा सरकार त्यांच्या पाठीशी नव्हतं, उलट पुढे त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले. कर्वे बाईच्या सुखाची भाषा बोलत होते. तीस वर्षांनी सरकारने तोच विषय हाती घेतला तेव्हा ती भाषा गळाली आणि टार्गेट आलं.

मामा : बरं, इच्छा लोकांची होती असं धर. मग आता लोकांची इच्छा बदलायला काय हरकत आहे? सरकारने तिसऱ्या मुलाला पैसे द्यावेत. जमीन द्यावी. गाव वाचेल.

मी : हे करून पाहिलेले देश आहेत. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने ऑक्टोबर 1966 मध्ये गर्भपातावर बंदी घातली. वर्षभरात जननदर 1.9 वरून 3.7 वर गेला, जवळजवळ दुप्पट. मग लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि तो पुन्हा उतरत गेला. उरलं काय? चोरून केलेल्या गर्भपातांत मेलेल्या हजारो बायका, आणि अनाथाश्रमांत टाकलेली मुलं. 1989 च्या डिसेंबरात सत्ता उलथल्यावर नव्या राजवटीने सगळ्यात आधी जे हुकूम मोडीत काढले त्यात हा होता.

मामा : मी जबरदस्तीचं म्हणत नाही. पैशांचं म्हणतोय.

मी : पैशांचंही बघ. हंगेरीने चार मुलांच्या आईला आयकर माफ केला, घरांसाठी कर्जं दिली. 2011 मध्ये जननदर 1.23 होता, दहा वर्षांत 1.6 च्या जवळ गेला, आणि पुन्हा 1.4 च्या खाली घसरला. दक्षिण कोरियाने 2006 पासून एकामागून एक योजना आणल्या; 2023 मध्ये जननदर 0.72. जगात सर्वात कमी. चीनने एक मुलाची सक्ती 2015 ला उठवली, 2021 ला तीन मुलांना परवानगी दिली, आणि 2022 पासून त्यांची लोकसंख्या कमी होऊ लागली. मुलं कमी व्हावीत म्हणून दडपता येतं, मामा. ती व्हावीत म्हणून दडपता येत नाही.

मामा : मग तुझी ती पाळणाघरं? नेहमी सांगतेस, पाळणाघर द्या, रजा द्या, बापाला घरकामाला लावा. फिनलंडमध्ये हे सगळं आहे ना? तिथे झाली का पोरं?

हा प्रश्न मामाने कुठून तरी वाचून आणला होता, आणि तो चोख आहे. फिनलंडमध्ये 2010 मध्ये जननदर 1.87 होता, 2023 मध्ये 1.26. उत्तम पाळणाघरं, बापांनाही रजा, आणि तरी एवढी घसरण. स्त्रियांना नोकरी आणि मूल दोन्ही सांभाळता आलं की जननदर सावरतो, अशी माझ्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आशा होती. उत्तर युरोपने ती खोटी पाडली.

मी : नाही झाली. आणि म्हणूनच मी पाळणाघर पोरं वाढावीत म्हणून मागत नाही. जी पोरं आहेत आणि ज्या आया आहेत त्यांच्यासाठी मागते. 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली आणि पुरुषांची 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस.

मामा : म्हणजे जननदराचा आणि तुझ्या मागणीचा संबंधच नाही?

मी : संबंध आहे, पण तू लावतोस तसा नाही. आपल्याकडची घट कोरियासारखी नाही. तिथे मुली लग्न उशिरा करतात किंवा करतच नाहीत. महाराष्ट्रात पाहणीच्या पाचव्या फेरीत विशी ओलांडलेल्या, 20 ते 24 वयाच्या मुलींपैकी जवळपास 22 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. लवकर लग्न, पाठोपाठ दोन मुलं, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. जननदर युरोपसारखा आणि आयुष्य आजीसारखं. तिच्या हातात तिसऱ्या मुलाचे पैसे देऊन तू काय साधणार?

एक जागा अशी आहे जिथे हे सगळं एकत्र दिसतं. बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजूर निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. फडात पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या, खाडा झाला तर उचलीतून कापून जाणार. पाळी, बाळंतपण, पांढरं जाणं, सगळं त्या खाड्यात मोजलं जातं. 2019 मध्ये सरकारी पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यात तिशीही न गाठलेल्या होत्या. याच जिल्ह्यात 2011 ला सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या. दोनच मुलं हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या की कात्री मुलीवर चालते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा पहिला कायदा देशात महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, तरी हे झालं. या बाईसाठी कुटुंब धोरण कोणतं? तिला मूल हवं की नको हे विचारणारा माणूस तिच्या आयुष्यात आलेलाच नाही, ना नवऱ्याच्या रूपाने, ना मुकादमाच्या, ना सरकारच्या.

मामा : हे मला मान्य आहे. पण तू एक टाळते आहेस. म्हाताऱ्यांचं काय? माझा मुलगा पुण्याला, मुलगी डोंबिवलीला. दोघंही चांगली आहेत, फोन करतात. पण मी रात्री पडलो तर उचलायला कोण? शेजारच्या तिन्ही घरांना कुलपं आहेत.

मी : टाळत नाही. 2036 पर्यंत भारतात शंभरातले पंधरा जण साठीपलीकडचे असतील, केरळात तेवीसच्या आसपास. आणि दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसाला केंद्र सरकार महिन्याला देतं 200 रुपये, ऐंशीनंतर 500. राज्य श्रावणबाळ योजनेतून भर घालून ती रक्कम 1500 पर्यंत नेतं. आधी ही रक्कम वाढवा असं मी म्हणेन. आज जन्मलेलं तिसरं मूल तुला उचलायला यायला वीस वर्षं लागतील, मामा. आणि तेही पुण्यालाच जाईल. केरळात घरी अंथरुणाला खिळलेल्यांकडे गावातले स्वयंसेवक आणि नर्स जातात. 1993 मध्ये कोझिकोडला सुरुवात झाली, 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. तुझ्या खात्यातली आरोग्यसेविका आजही प्रत्येक वाडीवर जाते. बाळंतिणीकडे जाते तशी म्हाताऱ्याकडे जाणं तिच्या कामात धरा, पण माणसं वाढवून. आहे तिच्याच डोक्यावर आणखी एक रजिस्टर नको.

मामा : केरळची तरुण पोरंही बाहेरच आहेत. स्वयंसेवक म्हातारे झाले की काय करणार? तुझं उत्तर पंचवीस वर्षांचं आहे. मी शंभर वर्षांचं विचारतोय.

याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि अजून कुठल्याच देशाकडे नाही. पण शंभर वर्षांच्या भीतीपोटी आजच्या बाईकडे हात पसरण्याचा अधिकार सरकारला नाही, एवढं मी ठामपणे म्हणते. एकदा संख्या कमी करायला तिच्या पोटावर टाका घातला. आता संख्या वाढवायला पुन्हा तिलाच पुढे करणार असू, तर पन्नास वर्षांत आपण काहीच शिकलो नाही. लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जाणाऱ्या खासदारांच्या जागांचा प्रश्नही हाच. 1976 पासून लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी 1971 च्या जनगणनेवर गोठवलेली आहे, ज्यांनी जन्म आटोक्यात आणले त्यांचं नुकसान नको म्हणून. 2026 नंतरच्या जनगणनेवर ती पुन्हा होऊ शकते. त्यावर दक्षिणेचे नेते चिडले आहेत ते समजतं. पण जागांचा तोटा संसदेत मांडून, वाटणीचं सूत्र बदलून भरून काढायचा असतो. तो बाळंतिणीच्या खोलीत भरून निघत नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं पहिल्यापासून एकमत आहे. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तशीच अट घातली. अशा अटींपायी मूल लपवणं, दुसऱ्याच्या नावावर लावणं, बायकोला सोडणं असे प्रकार निर्मला बुच यांच्या पाच राज्यांतल्या अभ्यासात 2005 च्या सुमारासच पुढे आले होते. आंध्रने आपल्या 1994 च्या कायद्यातली अशीच अट नोव्हेंबर 2024 मध्ये रद्द केली. 1.7 जननदर असलेल्या राज्याला ही अट कशासाठी हवी, याचं उत्तर मंत्रालयात कुणी देत नाही.

मामा : अट रद्द करा, असा ठराव मी ग्रामसभेपुढे ठेवतोय. खाली दुसरं कलम घालतो, तिसऱ्या मुलासाठी अनुदान द्यावं.

मी : ते घालू नकोस. त्याऐवजी अंगणवाडी दिवसभर चालवा असं घाल. आज ती काही तासांत सुटते, आणि आई काजूच्या कारखान्यात संध्याकाळपर्यंत असते. आणि पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर तालुक्याला वर्षातून एकदा तरी नीट लावा, हेही घाल.

मामा : ते तू घाल. माझं कलम मी काढणार नाही.

मी त्या गावची मतदार नाही, त्यामुळे सभेत मला मांडता यायचं नाही. माझी दोन कलमं अंगणवाडीच्या बाई मांडणार आहेत; शिबिराचं कलम पुरुषांसमोर वाचायला त्यांनी आधी नकार दिला होता, आता म्हणतात की वाचेन, पण मामाने शेजारी उभं राहिलं पाहिजे. मामा राहतो म्हणाला आहे. मतदानाला मात्र तो आपल्या कलमाच्या बाजूनेच हात वर करणार.